'येतो' म्हणून गेलेला कोल्हा

मुलांनो, जिथे वाळू संपते आणि उघडाबोडका डोंगर सुरू होतो, अशा एका ठिकाणी बाभळीच्या मुळांखाली एक कोल्हा राहत असे. सोबत त्याची कोल्हीण आणि पिल्ले. कोल्ह्याचा आवाज असा खणखणीत, की त्याने मान वर करून हाक दिली म्हणजे लांबच्या टेकाडांवरचे कोल्हे झोपेतून उठून ओ देत. या आवाजाचा त्याला फार अभिमान होता. असायला हरकत नव्हती, पण तो अभिमान हळूहळू डोक्यात शिरला.

त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि पायथ्याचे डबके आटत आटत चिखलावर आले. पिल्ले चिखल चाटू लागली. रानपारवे मात्र रोज सकाळी डोंगरावरून येत, तेव्हा त्यांच्या छातीची पिसे ओली दिसत. म्हणजे वर कुठेतरी कातळात पाणी असणार, हे कोल्ह्याने बरोबर ताडले. एका पहाटे तो निघाला.

कोल्हीण बिळाच्या तोंडाशी आली. "कुठल्या घळीनं जाणार?"

"बघू. जी बरी वाटेल तिनं."

"आणि परत कधी?"

"पाणी मिळालं की."

शेजारच्या कपारीत एक म्हातारी घोरपड पडून होती. तिने एक डोळा उघडला. "अरे, ती विचारते ते सांगून जा. हा डोंगर दुपारी तव्यासारखा तापतो. ऊन चढलं की सावलीला बस. अर्धा दम संपला की मागे फिर, मग पाणी मिळो न मिळो."

कोल्हा हसला. "मावशी, तुम्ही त्या कपारीतून बाहेर पडता कधी? माझी हाक पलीकडच्या टेकाडांवर ऐकू जाते. अडलो तर ओरडेन, म्हणजे झालं." मग कोल्हिणीकडे वळून म्हणाला, "येतो."

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शब्द चांगलाच आहे. पण कोल्हीण हळूच म्हणाली, "येतो तर सगळेच म्हणतात हो. कधी, ते सांगा." तोवर कोल्हा चढणीला लागलाही होता.

पहिल्या टप्प्यावर पोचताच त्याने एक हाक दिली. समोरच्या कड्याने ती तशीच परत दिली. कोल्हा खूश झाला. खाली पिल्ले उड्या मारत होती, ती ठिपक्यांएवढी दिसत होती. मग काय, प्रत्येक वळणावर तो थांबे, हाक देई, कड्याकडून ती परत येताना ऐके आणि पुढे चाले. कारण काही नव्हते, नुसती हौस. ऊन डोक्यावर आले, घसा कोरडा पडला, तरी ना तो सावलीला बसला, ना त्याचे ओरडणे थांबले.

माथ्याच्या जरा खाली त्याला डावीकडच्या घळीत एक हिरवे झुडूप दिसले. हिरवे आहे म्हणजे पाणी जवळ असणार, असे म्हणून तो वाट सोडून घळीत उतरला. अर्ध्यावर एक दगड निसटला आणि कोल्हा दगडासकट एका अरुंद चिरेत जाऊन पडला. मागचा पाय दगडाखाली अडकला. ओढून पाहिला, तर कळ थेट मस्तकात गेली.

हरकत नाही, ओरडू, असे मनाशी म्हणून त्याने मान वर केली. चिरेच्या भिंतींनी त्याची हाक त्यालाच परत दिली. सकाळी याच गोष्टीचे त्याला केवढे कौतुक वाटले होते. आता कळले, की आपली हाक इथल्या इथेच फिरते आहे, बाहेर जातच नाही. तो पुन्हा ओरडला, पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. सावल्या लांबल्या तेव्हा त्याच्या घशातून नुसती हवा येऊ लागली. रात्रभर कुणी आले नाही. यायचे तरी कुठे, हे कुणाला ठाऊक होते? त्याला आधी सगळ्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि शेवटी फक्त पिल्ले आठवत राहिली.

सकाळी कोल्हिणीची हाक त्याच्या कानावर पडली. हाक उजवीकडच्या घळीतून आली. मग मधल्या घळीतून आली. मग पुन्हा उजवीकडे, पण आता दूरवर. कोल्हा तोंड उघडून ओ देत होता आणि ओ काही बाहेर पडत नव्हती. मुलांनो, आपल्या माणसाची हाक ऐकू यावी आणि तिला ओ देता येऊ नये, याहून मोठे दुःख त्या कोल्ह्याने आयुष्यात सोसले नव्हते.

कोल्हिणीची मात्र एक सवय होती. ती एक हाक देई आणि मग बराच वेळ गप्प उभी राहून ऐके. कोल्हा त्यावरून तिला चिडवत असे, 'तू ओरडतेस थोडी आणि गप्पच बसतेस फार.' आता ती गप्प झाली, तेव्हा त्याने पुढच्या पंज्याने एक खडा ढकलला. खडा टणटणत चिरेतून बाहेर खाली घळीत गेला. ती पुन्हा गप्प झाली, त्याने पुन्हा एक ढकलला. पंज्याशी येणारे खडे संपत आले, तेव्हा कुठे वर कोल्हिणीचे तोंड दिसले. तिच्यामागे घोरपड होती.

कोल्हिणीने खाली उतरून पायावरचा दगड हलवला. घोरपडीने कातळात नखे रोवली आणि शेपूट आत सोडले. "धर दातांनी. मी सुटायची नाही," ती म्हणाली. असे करून दोघींनी त्याला वर काढले. पारव्यांचे कुंड त्या झुडपाच्या जरासेच वर होते. कोल्हीण त्यात आपले शेपूट बुडवून आली आणि तिने त्याच्या जिभेवर थेंब थेंब पाणी सोडले.

"काल दिवस मावळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता," ती म्हणाली. "आजूबाजूचे सगळे म्हणाले, पाणी मिळालं असेल, दमून झोपले असतील, येतील सकाळी. मलाही वाटलं, उगाच धावाधाव केली तर तुम्ही चिडाल. तुम्ही वेळ सांगून गेला असतात ना, तर मी कुणाचं ऐकलं नसतं."

कोल्ह्याला खूप बोलायचे होते, पण आवाज आला नाही. तो पुढेही कधी आला नाही.

पाणी मिळाले, पिल्ले जगली, मोठी झाली. एके दिवशी थोरली लेक पहिल्यांदाच एकटी कुंडाकडे निघाली. "बाबा, येते," ती म्हणाली. कोल्हा लंगडत उठला आणि तिच्या वाटेत आडवा उभा राहिला. ती एका बाजूने जाऊ लागली, तर तो त्या बाजूला सरकला. दुसऱ्या बाजूने जाऊ लागली, तर तिकडे. लेकीने आईकडे पाहिले.

मग लेकीला उमगले. "डावीकडच्या घळीनं जाते," ती म्हणाली. "त्याच घळीनं उतरते. कड्याची सावली बाभळीला टेकायच्या आत घरी येते. नाही आले, तर तिथंच शोधा."

कोल्हा बाजूला झाला. ती दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला, आणि मग कड्याच्या सावलीवर डोळे ठेवून बाभळीखाली बसला.

तात्पर्य : निघताना नुसते 'येतो' म्हणू नये, कुठल्या वाटेने जातो आणि कधी परततो हेही घरी सांगावे. संकटात आपली हाक पोचली नाही, तरी टळलेली वेळ घरच्यांना ऐकू येते.