साहेबांचा आदेश

चिपळूणच्या सुनेत्रा गुंजीकर लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देत. एका पुरात त्यांच्या सगळ्या फायलींचा लगदा झाला, तेव्हापासून त्यांनी कागदाला रामराम ठोकला. करार, सह्या, सगळं संगणकात.

एकदा परवाना देणाऱ्या खात्याकडून तपासणीला भडसावळे साहेब आले. रिकाम्या भिंती बघून त्यांचा पारा चढला.

“एक फाइल नाही? हे ऑफिस आहे की वेटिंग रूम?”

बाईंनी स्क्रीन दाखवला.

“पडद्यावरचं मी मानत नाही! सही-शिक्क्याचा कागद दाखवा, नाहीतर परवाना गेलाच म्हणून समजा.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “आधी तुमचा तपासणीचा आदेश बघू, साहेब. त्याशिवाय ग्राहकांची माहिती कुणालाच देता येत नाही.”

साहेबांनी ऐटीत मोबाइल पुढे धरला. “हा घ्या. सकाळीच मेलवर आलाय, डिजिटल सहीसकट.”

“हा मानला, तर माझे करारही मानावे लागतील. नाही मानला, तर आज तुम्ही नुसते पाहुणे. चहा घ्या आणि निघा. काय करू, सांगा?”

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला. मग खुर्ची पुढे ओढत पुटपुटले, “चहा सांगा. आणि तो स्क्रीन जरा इकडे वळवा.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. चहात त्यांनी आलं जरा जास्तच घालायला लावलं.