नावाचा धोंडा

निहार म्हणत होता, मागच्या खेपेला पाण्यावर नजर ठेवायला मी बसलो होतो, आता दुसऱ्यानं बसावं. केतकीचं म्हणणं, तीन तास चिखल तुडवून ती धोंड्यावर भिजत बसायला आलेली नाही. दोघांचं ओढ्याकाठी चांगलंच जुंपलं, तेव्हा त्यांच्याबरोबरचा ओजस म्हणाला, "चला रे, कुणीतरी बसेल."

'कुणीतरी' हा शब्द या धोंड्यापाशी चालत नाही. चाळीस पावसाळे मी लेण्यांची वाट दाखवते आहे. तिघांना खाली बसवलं आणि सांगितलं ते असं.

लेणी खोदली जात होती तेव्हाची गोष्ट. पाथरवट ओढ्यापलीकडे, घरं अलीकडे. दुपारी बायापोरी ओढा ओलांडून भाकरी न्यायच्या. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला की इथं ऊन असलं तरी लोंढा येतो. आधी धबधबा तांबडा होतो, पाला वाहत येतो, मग पळायलाही वेळ मिळत नाही. म्हणून एक पाथरवट या धोंड्यावर बसून धबधबा बघायचा आणि रंग बदलला की ओलांडणाऱ्यांना हाळी द्यायचा. कोण बसणार, त्याचं नाव मुकादम धानोजी रोज सकाळी घ्यायचा.

एका श्रावणात खांब पुरा करायची घाई होती म्हणे. त्या सकाळी धानोजी नुसतं म्हणाला, कुणीतरी बसा.

कुणीच बसलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बसला असेल. छिन्न्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. दुपार टळली तरी भाकरी आली नाही, तेव्हा छिन्न्या थांबल्या. भाकरीची दुरडी ओढ्याच्या खालच्या अंगाला उंबराच्या मुळांत अडकली होती. दुरडी आणणारी चिमा, येसू नावाच्या विधवेची एकुलती लेक, दुसऱ्या दिवशी सापडली.

तिला माती दिली आणि पाथरवट इथंच, धोंड्याभोवती, भांडायला लागले. पाळी तुझी होती, नाही, तुझी होती. धानोजी म्हणाला, मी तर सांगितलं होतं. चूक झाली की पुरुष आधी पाळी शोधतात, तेव्हाही तेच. येसू रडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत. रिकामी दुरडी काखेत धरून ऐकत उभी राहिली, असं सांगतात.

पुढं मरेपर्यंत ती इथं बसली. धोंड्याला हा खळगा पडलाय तो तिच्या बसण्यानं. पाण्यानं पडला म्हणणारेही येतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ती होती तोवर ओढ्यानं कुणाला नेलं नाही, एवढं मला पुरे.

आजही इथून पलीकडे जाताना आमच्याकडं कुणी 'कुणीतरी' म्हणत नाही. एकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि नाव घेतलेल्यानं बसायचं.

केतकीनं पाठीवरची सॅक काढून खळग्यात ठेवली. विचारलं, आजी, त्या भांडणाऱ्यांना ती काहीच बोलली नाही?

बोलली. एकदाच बोलली.

"उद्यापासून माझं नाव घ्या, मला आता घरी काही काम नाही."