एका बोटाची जागा

“आतडं बरं झालंय, दुर्बिणीतून स्वच्छ दिसतंय. मग पोट दुखतं तरी का, सर?”

प्रश्न डॉ. निनादचा होता, पण उत्तर त्यानं घरूनच आणलं होतं. आतड्याचा आजार बरा होऊनही पोट दुखत राहिलेल्या एकेचाळीस रुग्णांवर त्यानं तीन वर्षं संशोधन केलं होतं. निष्कर्ष एका शब्दाचा... मानसिक. प्रबंध अजून छापून यायचा होता, पण स्वारीला आधीच शिंगं फुटली होती.

कराडचे म्हातारे देशिंगकर सर त्याचे गुरू. समोर ठेवलेला प्रबंध त्यांनी उघडलाच नाही. बाहेर बसलेल्या वत्सलाबाई लोहारांना आत बोलावलं. एकेचाळिसांतल्याच त्या एक. अकरा वर्षं दुखणं काढलं, आणि आता घरचेही म्हणू लागले होते, बाईला कामाचा कंटाळा आहे. निनादच्या प्रबंधानं त्यावर शिक्काच बसणार होता.

“कुठं दुखतं, ताई?”

“हितं.” बाईंनी बेंबीच्या उजवीकडे एक बोट टेकवलं.

सरांनी त्यांना निजवलं, त्याच जागी आपलं बोट दाबून ठेवलं.

“आता डोकं उचला.”

डोकं उचललं, पोट ताठ झालं, आणि बाई कळवळल्या.

निनाद चपापला. दुखणं आतड्यात असतं, तर ताठ स्नायूंनी बोट वरच अडवलं असतं, कळ कमी झाली असती. ती तर वाढली. म्हणजे दुखणं आतड्यात नव्हतं, मनातही नव्हतं. पोटाच्या भिंतीत एक नस अडकली होती.

सरांनी तिथंच बधिर करणारं इंजेक्शन दिलं.

पाच मिनिटं... दहा मिनिटं...

वत्सलाबाईंनी पोट चाचपलं. पुन्हा दाबून पाहिलं. मग ताठ उभ्या राहिल्या आणि रडता रडता हसू लागल्या.

“मी खोटं बोलत न्हवते.”

दार उघडून त्यांनी बाहेर बसलेल्या नवऱ्यालाही तेच ऐकवलं, चांगलं खणखणीत.

निनादला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. आता त्याला गप्प बसवेना.

“सर, उरलेल्या चाळीस जणांना पुढच्या आठवड्यात बोलावतो. येताना मी काय काय आणू?”

सरांनी प्रबंध उचलून टेबलाच्या खणात ठेवला.

“रिकामे हात.”