हातटेक

मंडळी, तुमच्या पुढे तो ट्रक उभा आहे ना, त्याचा ड्रायव्हर काय करतोय ते बघा. खाली उतरला, पुढच्या चाकापाशी वाकला, हाताची मागची बाजू लोखंडाजवळ नेली आणि आता तसाच मागच्या चाकाकडे निघाला. त्याला कोणी सांगितलेलं नाही. इथे पोलीस नाही, पाटी नाही. तरी घाट उतरणारी गाडी या सपाटीवर थांबते आणि गाडी चालवणारा एकेका चाकाला हात लावतो. म्हणून या जागेला हातटेक म्हणतात. नकाशात करंजखिंड लिहिलेलं आहे, पण ते नाव घेऊन विचारलंत तर खालच्या गावचा माणूस जरा वेळ विचारात पडेल.

मी इथल्या देवळाचा गुरव. सांगतो ते माझ्या आजोबांनी सांगितलेलं. त्यातलं थोडं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, बरंचसं ऐकलेलं होतं.

हा घाट दोन टप्प्यांचा आहे. वरच्या पठारावरून तुम्ही आलात तो पहिला टप्पा. मग ही खिंडीतली सपाटी. आणि पुढे खरा उतार, बारा वळणांचा, थेट कोकणात. साहेबाच्या अमदानीत या रस्त्याने नुकत्याच सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या होत्या. त्याआधी बैलगाड्या चालत. त्या काळापासून इथे एका लोहाराचं भात्याचं खोपट होतं. सुभाना लोहार आणि त्याची बायको ठकूबाई. सुभाना घण मारी, ठकूबाई भाता ओढी आणि सांडशीत लोखंड धरी. म्हणे, तिला नुसत्या वासावरून कळे, लोखंड किती तापलं आहे ते.

मोटारी दोन होत्या. दोन्ही सकाळी तालुक्याहून सुटत आणि खाली बंदरावर जात. एकीचा ड्रायव्हर हैबती मोहिते. तिशीचा गडी, हातात कसब होतं, आणि त्याला कोणी मागे टाकलेलं नाही हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. हे माहीत असणंच त्याला नडलं, असं आजोबा म्हणत.

चैत्राचे दिवस होते. त्या दिवशी वरच्या टप्प्यात दुसऱ्या मोटारीने हैबतीला गाठलं आणि पुढे काढली. नुसती काढली असती तरी निभावलं असतं. पण तिच्या मागच्या खिडकीतून कोणीतरी पटका काढून हलवला. हैबतीच्या मोटारीतली माणसं हसली. त्यानंतर त्याने गाडी अशी सोडली की टपावरची बोचकी दोन वळणांवर खाली पडली. मोटार सोळा माणसांची, आत बसलेली सव्वीस.

त्या सव्वीसांत आवडी नावाची एक बाळंतीण होती. दोन महिन्यांचं मूल घेऊन सासरी चालली होती. बरोबर चुलतसासरा. आत काय घडलं ते पुढे सगळं तिनेच सांगितलं. ती म्हणायची, भीती मला एकटीला नव्हती. समोरचा म्हातारा दांडी धरून डोळे मिटून बसला होता. मागे कोणीतरी देवाचं नाव घेत होतं. तिने सासऱ्याला म्हटलं, "मामंजी, त्यांना जरा हळू घ्या म्हणा." सासरा म्हणाला, "गप बस. त्याचं काम त्याला कळतं. बाईमाणसानं मधी बोलू नये."

सव्वीस माणसं गप्प बसली.

दुसरी मोटार सपाटीवर न थांबता खाली गेली होती. हैबती थांबला, कारण चाकातून धूर येत होता. त्याने भात्यापाशी गाडी लावली आणि ठकूबाईच्या पाण्याच्या हौदातून बादली भरून घेतली. लोखंड विझवायचा तो हौद. ठकूबाई बाहेर आली. वास तिला आतच आला होता.

"बाबा, पाणी टाकू नको त्याच्यावर. तापलेलं लोखंड हाय. एकदम विझवलंस तर तडकंल."

"मावशी, तू बैलाचे नाल ठोक. मोटारीतलं तुला काय कळतंय?"

"मोटार न्हाई कळत. लोखंड कळतंय. घटकाभर बसू दे. हात लावून बघ, हात ठेववला तर जा."

"हात भाजून घ्यायला मला वेळ न्हाई," असं म्हणून हैबतीने बादली मागच्या चाकावर ओतली. वाफेचा लोट उठला. वाफ विरली तशी तो म्हणाला, "झालं गार," आणि गाडीत चढला. आवडीची आणि ठकूबाईची तेवढ्यात एकदा नजरानजर झाली. आवडी म्हणायची, मी तेव्हा उतरले असते. पाय उचललाही होता.

मोटार गेली. ठकूबाई तिथेच उभी राहून कान देऊन ऐकत होती. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर खालून एक आवाज आला. सुभानाला तो दगड पडल्यासारखा वाटला. ठकूबाईला कळलं. ब्रेकचा ड्रम तडकला होता. मागोमाग मोटारीचा भोंगा सुरू झाला आणि थांबेचना.

आता हा रस्ता बघा. तो डोंगराला वळसे घेत घेत उतरतो, पण जुनी पायवाट वळणं तोडत सरळ खाली जाते. ठकूबाई त्या पायवाटेने सुटली. सुभानाने हाक मारली, तिने मागे पाहिलं नाही. काहीजण सांगतात की तिची लेक त्या मोटारीत होती. आजोबा शपथेवर सांगत, की तिचं त्या मोटारीत कोणी नव्हतं.

मोटारीत काय चाललं होतं? हैबतीने ब्रेकवर पाय दाबला, पाय थेट खालच्या फळीला लागला. हातब्रेक ओढला, तो सैल निघाला. गिअर खाली घ्यायला गेला, गिअर निसटला आणि गाडी मोकळीच धावायला लागली. चौथं वळण त्याने कसंबसं मारलं. पाचव्याला डावीकडची चाकं क्षणभर उचलली. आता बायका ओरडत होत्या, पुरुष ओरडत होते. इतका वेळ गप्प बसलेले सगळे एकदम बोलत होते, आणि आता त्या बोलण्याने काहीच होणार नव्हतं. आवडीने मुलाला पदराने पोटाशी बांधलं. हैबती मागे न बघता एवढंच म्हणत होता, "धरून बसा, धरून बसा."

नवव्या वळणाच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं होतं. डोंगराच्या बाजूला मुरमाची मोठी रास टाकलेली होती, बैलगाडीएवढी उंच. त्या राशीत मोटार घातली तर थांबेल, हे ठकूबाईने ताडलं. पण वरून येणाऱ्याला ती रास दिसत नाही, अगदी जवळ आल्यावर दिसते. आणि वळण मारायचं म्हणून ड्रायव्हर तर दरीच्या बाजूने येणार. ओरडून सांगावं, तर भोंग्यापुढे तिचा आवाज कितीसा जाणार?

ती रस्त्यावर पोचली तेव्हा मोटार आठव्या वळणावर होती. मुरूम खणणारे दोघे गडी तिथे होते. त्यांनी नंतर सांगितलं, की बाई धापा टाकत आली आणि आम्हाला म्हणाली, "बाजूला व्हा, डोंगरावर चढा." आम्ही चढलो. आम्हाला वाटलं, तीही चढेल. ती उलट दरीच्या बाजूला गेली. मोटारीची चाकं जिथून जाणार, बरोबर तिथे जाऊन उभी राहिली आणि उजवा हात डोंगराकडे लांब केला.

हैबतीने तिला पाहिलं. पुढे कोर्टात त्याने सांगितलं ते असं, की बाई हात हलवत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती उभी होती. मी तिला घटकेपूर्वी काय बोललो होतो ते मला आठवलं. माणसाला चिरडून दरीत जायचं की डोंगरावर आदळायचं, एवढंच माझ्यापुढे होतं. मी हातातलं चाक डोंगराकडे पिळलं.

मोटार मुरमात घुसली. तोंड राशीत रुतलं आणि मागचा भाग गरकन फिरून रस्त्याच्या बाहेर आला, दरीवर. ठकूबाई तिथेच उभी होती. तिला हलायला सवड मिळाली नाही आणि मोटारीच्या धक्क्याने ती दरीत गेली. काहीजण म्हणतात, तिने हलायचा विचारच केला नव्हता.

मागची दोन्ही चाकं दरीवर लोंबत होती. एकेक माणूस पुढच्या दाराने उतरू लागलं, तशी मोटार करकरायची आणि पुन्हा स्थिर व्हायची. आवडीने मूल खाली दिलं आणि मग ती उतरली. हैबती सगळ्यात शेवटी उतरला. त्याचा पाय जमिनीला लागला आणि मोटार मागच्या मागे दरीत गेली. असं सांगतात की तोवर ठकूबाईने मोटारीला खालून खांदा दिला होता. खरं-खोटं मला माहीत नाही. सव्वीसच्या सव्वीस माणसं जिवंत उतरली, एवढं खरं. आणि ठकूबाईचा देह वर आणायला दोरांवरून गडी उतरले, त्यात माझे आजोबा होते.

कोर्टात हैबतीने मोटारीला बोल लावला नाही, रस्त्याला लावला नाही. "चूक माझी," एवढंच म्हणाला. शिक्षा भोगून सुटला तो घरी न जाता थेट या खिंडीत आला. सुभाना ऐरणीवर काम करत होता. हैबती दारात उभा राहिला.

"काय पाहिजे?" सुभानाने मान वर न करता विचारलं.

"रस्त्याच्या कडेला उभं राहायला जागा. आजपासून गाडी चालवणार न्हाई. पण हात लावून बघितल्याबिगर एकही गाडी हितनं खाली जाऊ देणार न्हाई. बाईनं सांगितलं होतं तेवढंच करीन."

घण चालूच राहिला. सुभाना म्हणाला, "रस्ता सरकारचा हाय. उभा राहा. माझ्या दारात येऊ नको."

हैबती समोरच्या झाडाखाली राहिला. मोटारी आल्या की आडवा व्हायचा, चाकांना हात लावायचा. ड्रायव्हर हसायचे, काही शिव्या द्यायचे. तापलेल्या लोखंडाने तळवे सोलून निघायचे, तरी तो हात लावायचाच.

मोटार दरीत गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमाराला एक मोटार आली. नवा ड्रायव्हर, खाली पोचायची घाई. हैबतीने हात लावला आणि म्हणाला, "लई गरम हाय. बसू दे."

"बाजूला हो. मोटार घालवलेल्या माणसानं मला शिकवू नये."

ड्रायव्हर बोलला ते खरंच होतं. मग म्हणे, हैबती ड्रायव्हरला सोडून मोटारीच्या दाराशी गेला आणि आत बसलेल्या माणसांना हात जोडून म्हणाला, "जीव तुमचा हाय. तुम्हीच सांगा. गाडी उतरू देऊ का?"

आत जो तो दुसऱ्याकडे बघत होता. मागच्या बाकावरून एक बाई उठली. आवडी होती ती. सासरहून माहेरी आली होती, आता परत निघाली होती, कडेवर तेच मूल. या वेळीही चुलतसासरा शेजारी होता. त्याने तिचा पदर ओढला. तिने पदर सोडवून घेतला.

"नको," ती म्हणाली. "गार झाल्याबिगर नको."

ड्रायव्हरने ऐकलं नाही. त्याने मोटार सुरू केली. तेवढ्यात खोपटातून सुभाना बाहेर आला. हातात घण होता. तो मोटारीच्या तोंडापुढे येऊन उभा राहिला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हैबतीशी आपणहून बोलला.

"किती गरम हाय?"

"हात ठेववत न्हाई, दादा."

"मग बसू दे," सुभाना म्हणाला, आणि घण खाली टेकवून तिथेच रस्त्यात बसला.

माणसं खाली उतरली. कोणी झाडाखाली बसलं, कोणी भाकरी सोडली. पहिल्यांदा रागावलेला ड्रायव्हर तासाभराने स्वतःच चाकापाशी गेला आणि त्याने हात लावून पाहिला. मग दाराशी येऊन, थोडा लाजत, त्याने विचारलं, "उतरू का?" आवडीने होकार दिला, तेव्हा मोटार हलली.

हैबती पुढे सत्तावीस वर्षं इथे राहिला. त्या वर्षांत खालच्या बारा वळणांत एकही माणूस दगावला नाही, असं सांगतात. नंतर रस्ता रुंद झाला, गाड्या बदलल्या. न थांबता काचा वर करून जाणारेही असतात आता. त्यातले काही खाली सापडतात आणि दोर घेऊन आमच्याच गावची पोरं उतरतात.

आजही जो थांबतो, तो चाकांना हात लावून झाला की दाराशी येतो आणि आत बसलेल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारतो, "उतरू का?" बघा, तुमचा ड्रायव्हर आलाच. ताई, तुमच्या गाडीत तुम्हीच मोठ्या दिसता. त्याने वर तीन वळणांवर ओव्हरटेक केलं तेव्हा तुम्ही पुढच्या सीटची कड धरली होती का, ते मला नका सांगू. त्याला सांगा. इथे नको म्हटलेलं चालतं. नको म्हटलं की गाडी थांबते, आणि त्याचा कोणी राग मानत नाही.