पायाखालची कवडी

एका राज्यात कुणी कमरेत वाकत नसे. देवापुढे हात जोडत, राजापुढे मान लववत, पण कंबर ताठ. 'मोडेन पण वाकणार नाही' हे तिथल्या राजमुद्रेवरच कोरलेलं. हसू नका. त्या ताठपणावर त्यांनी सात शत्रू परतवले होते.

त्या राज्याच्या कड्याखाली धूम्रकेश नावाचा मांत्रिक राही. राजा धैर्यसेनाने त्याला कमरेतून मुजरा केला नाही, एवढ्यावरून तो पेटला. त्याने कड्याच्या उतरत्या खडकावर तीन कवड्या चिकटवल्या नि शाप दिला, "या फुटेपर्यंत तुमचे झरे बंद. एकेकाला बाण तीन. नेम चुकला त्याचा दगड, नि फुटलेल्या कवड्या पुन्हा जागच्या जागी. अमावास्येचा सूर्य मावळला, की दगड ते कायमचे दगड."

पहिली कवडी चाळीस हात खाली, दुसरी वीस, आणि तिसरी तर पायाखाली, जेमतेम पाच हातांवर. दरबार म्हणाला, हा तर हातचा मळ. अकरा धनुर्धर गेले, अकरांचे दगड झाले. अकरावा होता तिमाजी, ज्याचा नेम वीस वर्षांत चुकला नव्हता. आता बोला!

अमावास्येच्या दुपारी तिमाजीची लेक सगुणा धनुष्य घेऊन कड्यावर आली. बापाच्या दगडी गालावर हात ठेवून ती पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने त्याला नीट निरखलं. पाठ ताठ होती, धनुष्याचा हात तेवढा खाली पडला होता. त्यामुळे खांद्याची रेघ मोडली होती आणि दोरी हनुवटीपर्यंत आलीच नव्हती.

"कमरेतून वाकायला हवं होतं, आबा," ती म्हणाली.

कड्यावरची टिटवी बोलली, "खाली मांत्रिक बसलाय. म्हणेल, मला नमली."

"त्याला म्हणायचं ते म्हणू दे. कंबर माझी आहे."

दरबारासह कड्यावर आलेला राजा पुढे झाला. "पोरी, आपल्या राज्याची रीत..."

"महाराज, रीत वर आहे आणि कवडी खाली आहे."

राजाने एकदा खाली कवडीकडे पाहिलं. तो बाजूला झाला.

सगुणेने ताठ उभी राहून दोरी हनुवटीपर्यंत ओढली. मग हात, खांदे, मान जशीच्या तशी ठेवून ती कमरेतून लवली. दरबारात कुजबुज उठली. खालून धूम्रकेश खदाखदा हसला, "आली ताळ्यावर!" तेवढ्यात बाण सुटला आणि पहिली कवडी फुटली.

दुसरीच्या भोवती आधीच्या बाणांचे ओरखडे होते, सगळे कवडीच्या वर. उतारावर खाली सोडलेला बाण वाटेत फारसा झुकत नाही, हे त्या शहाण्यांनी धरलंच नव्हतं. सगुणेने नेम जरा खाली घेतला. दुसरीही फुटली.

तिसरीपाशी मात्र ओरखडे खाली, बरोबर वीतभर खाली.

"पाच हातांवर कसला विचार करतेस?" टिटवी म्हणाली. "सूर्य टेकला."

सगुणेने दोरी ओढून डोळ्यापासून बाणापर्यंत टिटवीलाच अंतर पाहायला लावलं.

"वीतभर," टिटवी म्हणाली.

"डोळा वर, बाण खाली. लांब पल्ल्यात ही वीत भरून निघते. पाच हातांत बाणाला तेवढी वाटच मिळत नाही."

 चुकलं तर बापही गेला आणि आपणही. तरी ती वाकली, आणि कवडी सोडून तिच्या वीतभर वरच्या कोऱ्या खडकावर तिने नेम धरला. लोकांनी डोळे मिटले. बाण सुटला, तिसरी कवडी फुटली.

धूम्रकेशाचा धूर झाला. झरे खळाळले. अकरा दगडांना श्वास फुटला.

तिमाजीने डोळे उघडले. "कवड्या?"

"फुटल्या, आबा."

"कुणी फोडल्या?"

"मी."

"वाकलीस?"

"वाकले."

सारा दरबार कान देऊन होता. तिमाजीने लेकीकडे पाहिलं. "मी माझा ताठा जपला, नि नेम घालवला. तू नेम जपलास. माझ्याहून मोठी निघालीस, पोरी."

एवढं बोलून राजाचा तो मानी धनुर्धर लेकीपुढे कमरेत वाकला.

"आबा, हे काय? कवडी तर फुटली."

"हे वाकणं नेमासाठी नाही," तिमाजी म्हणाला.

सगुणेच्या बाणाला जशी वाट सापडली, तशी ऐकणाऱ्यांच्याही बाणाला सापडो.