हैबतरावांची ओळख

हैबतराव बंदूक खांद्याला अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. आजवर साधा ससाही मारला नव्हता, पण रुबाब असा की समोरच्यानं रस्ताच सोडावा. एकदा ते तसेच गावच्या पोस्टात शिरले. लेकीच्या लग्नासाठी मागवलेला जरीचा फेटा पार्सलनं आला होता, आणि आज नेला नाही तर परत जाणार होता.

"साहेब, पोस्टाच्या आवारात हत्यार चालत नाही," पोस्टमास्तर शकीला मुलाणी म्हणाल्या. "बंदूक बाहेर ठेवून या."

"परवाना आहे माझ्याकडे!"

"परवाना असला तरी इथं नाही."

"अहो बाई, ही बंदूक म्हणजेच माझी ओळख. हिच्याशिवाय मला कोण विचारतं?"

शकीलाबाईंनी पार्सल उचलून परत जाणाऱ्या थैलीजवळ ठेवलं. हैबतराव तणतणत फाटकाबाहेर गेले आणि जीपमधल्या ड्रायव्हरच्या हाती बंदूक देऊन परतले.

"घ्या! आता द्या पार्सल."

"कसं देऊ? तुमची ओळख तर जीपमध्ये राहिली. बंदुकीशिवाय तुम्हाला ओळखणारं कुणी असेल तर साक्षीला आणा."

हैबतरावांनी रांगेकडे पाहिलं. सगळे छताकडे बघू लागले. शेवटी बाकावरची सोनाक्का उठली. निम्म्या गावाला तान्हेपणी तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं.

"मी ओळखते की! अंगावर लंगोटसुद्धा नव्हता, तेव्हापासून."

सारं पोस्ट खदखदून हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हैबतराव.