सोंगलढतीचे मैदान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की जिथे ती घडली त्या खोऱ्याला तेव्हा नावसुद्धा पडलेले नव्हते. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांना सांगता सांगता स्वतःही ऐकावी.

त्या खोऱ्यात तीन गावे होती. वरचे गाव डोंगराच्या कुशीत, मधले ओढ्याकाठी, खालचे सपाटीवर. तिन्ही गावांचे मिळून एकच कुरण होते आणि एकच मैदान. आठवड्याच्या बाजारादिवशी दुपार कलली की त्या मैदानावर सगळे जमत आणि सोंगलढत खेळत.

सोंगलढत म्हणजे खोटी लढाई. पण तिच्यात खरा घाम गळे. मैदानात दोन बाजू पडत, आणि उतरणाऱ्याने आधी आपले सोंग निवडायचे. कुणी ढालकरी होई, कुणी भालकरी, कुणी गोफणकरी, तर कुणी वैद्य. ढालकऱ्याकडे वेताची मोठी ढाल असे. भालकऱ्याच्या हातात बांबू, आणि त्याच्या टोकाला गेरूत भिजवलेल्या चिंध्यांचा बोळा. गोफणकरी चिंध्यांचे चेंडू फेकी, तेही गेरूत भिजवलेले. अंगावर गेरूचे तीन डाग पडले की माणूस बाद. वैद्याला कुणाला मारता येत नसे, पण ओल्या फडक्याने तो आपल्या माणसाचा एक डाग पुसू शके. मात्र त्यासाठी खाली गुडघा टेकून दहापर्यंत मोजावे लागे.

भालकऱ्याला ढालकरी अडवी. जड ढाल पेलताना ढालकऱ्याची पाठ उघडी पडे, तिथे गोफणकरी नेम साधी. आणि गोफणकऱ्याजवळ भालकरी पोहोचला की त्याची धडगत नसे. वैद्य कुणावर धावून जात नसे, पण त्याच्यावाचून कुणी फार वेळ टिकतही नसे.

खेळाचे नियम सगुणामावशी सांभाळत. ऐन उमेदीत त्या स्वतः भाला घेऊन खेळत. गुडघा दुखावला तेव्हापासून मैदानाच्या कडेला दगडावर बसून पंच म्हणून न्याय देत. त्यांचा शब्द तिन्ही गावांत चाले, कारण त्या कुठल्याच गावाच्या बाजूने बोलत नसत.

खेळ संपला की सगळे लिंबाच्या झाडाखाली बसून गूळ-शेंगदाणे खात. कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला, कुरणावर आधी कुणाची गुरे जायची, असली भांडणे गेरूने माखलेल्या अंगानेच मिटत. ज्याने आत्ताच हसत हसत आपल्याला बाद केले, त्याच्याशी कडू तोंडाने बोलायचे तरी कसे?

वरच्या गावात हैबती नावाचा एक तरुण गोफणकरी होता. खेळावर त्याचा फार जीव. सबंध हिवाळा तो अंबाडीचा दोर वळत बसला, शंभर वेळा तोडला, शंभर वेळा पुन्हा वळला. शेवटी त्याने अशी गोफण केली, की तिच्यातून एकाच झटक्यात दोन चेंडू सुटत, आणि तेही दुप्पट लांब जात.

तो ती घेऊन सगुणामावशींकडे आला. "मावशी, हे नियमात बसतं का?"

मावशींनी गोफण हातात घेऊन निरखली. "हातात एकच गोफण आहे. चेंडू चिंध्यांचे आहेत. बसतं की! आणि पोरा, काम सुरेख केलंयस."

त्या बाजारी हैबतीने एकट्याने सात जण बाद केले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. पुढच्या बाजारी नऊ. लोकांनी पुन्हा खांद्यावर घेतले.

मग इतरांनीही तसल्याच गोफणी केल्या. हैबतीइतका नेम कुणाचाच नव्हता, पण भालकऱ्यांना त्याचे काय? मैदानात दहा पावले टाकायच्या आत त्यांच्या अंगावर तीन डाग पडत. ढालकऱ्यांच्या ढाली घरी खुंटीला लागल्या. हळूहळू मैदानात जो तो गोफणकरीच दिसू लागला.

मधल्या गावची भागी तिन्ही गावांतली सगळ्यांत चांगली वैद्य होती. मडकी घडवून तयार झालेले तिचे हात मोठे चपळ होते. एके दिवशी तिने आपले फडके मावशींच्या समोर पिळले. "मावशी, दहा मोजून मी एक डाग पुसते, तोवर त्याच माणसाला तीन नवे पडलेले असतात. मी तिथं नुसती मोजायलाच बसते."

"पुढच्या वेळी बघू," मावशी म्हणाल्या.

पुढच्या वेळी भागी आलीच नाही.

मावशींना काही दिसत नव्हते असे नाही. पण त्यांच्या समोर जे बसत, ते हैबतीचा खेळ बघायला आलेले असत. ते ओरडत, टाळ्या पिटत. मावशींना वाटे, लोक तर खूश आहेत. जे घरी राहिले, त्यांचा आवाज मैदानात कसा ऐकू येणार?

एक वर्ष गेले, दुसरे गेले. तिसऱ्या वर्षी लिंबाच्या झाडाखाली वरच्या गावची मूठभर माणसे तेवढी उरली. टाळ्याही थकल्या. कोण जिंकणार हे जर आधीच ठाऊक असेल, तर माणूस उन्हात उभा कशाला राहील?

बाजाराला येणारे लोक आता माल घेऊन सरळ घरी जाऊ लागले. गूळ-शेंगदाण्यांच्या निमित्ताने मिटणारी भांडणे मिटेनाशी झाली. एकदा कुरणाच्या वाटेवर वरच्या आणि खालच्या गावच्या गुराख्यांची जुंपली. शब्दाने शब्द वाढला आणि कुणीतरी गोफणीत खरा दगड घातला. खालच्या गावच्या एका म्हाताऱ्याचे कपाळ फुटले. तो जगला, पण एका डोळ्याने अधू झाला.

मावशी त्याला बघायला गेल्या. म्हातारा म्हणाला, "सगुणा, दगड मारणारा कोण होता ते मी ओळखलंच नाही बघ. पूर्वी वरच्या गावचं पोर न् पोर मला ठाऊक होतं."

मावशी रागारागाने परतल्या. पुढच्या बाजारी त्यांनी जाहीर केले, "आजपासून मैदानात गोफण बंद!"

त्यांना वाटले, आता सगळे ठीक होईल. पण झाले उलटेच. गोफण नाही म्हटल्यावर ढालकऱ्याच्या पाठीवर नेम धरणारे कुणी उरले नाही. दोन्हीकडून ढालींच्या भिंती उभ्या राहिल्या आणि सूर्य बुडेपर्यंत एकमेकींना ढकलत राहिल्या. एकही माणूस बाद झाला नाही. गोफणकरी कडेला तोंड पाडून बसले, आणि जे खेळले तेही जांभया देत घरी गेले.

हैबती मावशींसमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "मावशी, मी काय चोरी केली? तुम्ही घालून दिलेल्या नियमातच खेळलो. विचारूनच खेळलो."

मावशींनी त्याला शेजारी दगडावर बसवले. मग म्हणाल्या, "चूक तुझी नाही, बाळा. नियम माझा होता. तो कुणाला जड जातोय ते बघायचं कामही माझंच होतं. मी फक्त जे आले त्यांच्याकडे बघत राहिले."

दुसऱ्या दिवशी त्या काठी टेकत निघाल्या आणि खेळ सोडलेल्यांच्या घरोघर फिरू लागल्या. हैबतीलाही त्यांनी बरोबर घेतले.

खालच्या गावात लिंबाजी नावाचा मेंढपाळ राहत होता. जुना भालकरी. उभ्या आयुष्यात त्याने फारशा लढती जिंकल्या नव्हत्या, तरी वर्षानुवर्षे एकही बाजार चुकवला नव्हता.

मावशींनी विचारले, "लिंबाजी, हरायला लागलास म्हणून येणं सोडलंस का?"

लिंबाजी हसला. "हरत तर मी आधीपण होतो, मावशी. पण तेव्हा घरी जाताना डोक्यात चक्र चालायचं. जरा डावीकडून गेलो असतो तर? भागीच्या जवळ राहिलो असतो तर? आठवडाभर मेंढरांमागं फिरताना तेच डाव मांडायचो. मग असं झालं, की घरी जाताना विचार करायला काही उरलंच नाही. आपण काहीही केलं तरी तेच होणार, हे कळलं की मन लागत नाही."

हैबती खाली मान घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर मावशी त्याला म्हणाल्या, "उद्या तू भाला घे. समोर तुझ्याच गावचे गोफणकरी, तुझ्याच गोफणी. बघ जमतं का."

हैबती तीनदा मैदानात उतरला. पहिल्यांदा नवव्या पावलावर बाद झाला. दुसऱ्यांदा सातव्या. तिसऱ्यांदा तो वाकून, वळणे घेत, जीव खाऊन धावला, तेव्हा कुठे अकराव्या पावलापर्यंत पोहोचला. गेरूने माखलेला तो मैदानात मटकन खाली बसला.

"एवढंच?" तो म्हणाला. "मावशी, मला तर काही करायलाच मिळालं नाही."

"तीन वर्षं भालकऱ्यांच्या वाट्याला हेच आलं, बाळा."

हैबतीने तोंडावरचा गेरू पुसला आणि म्हणाला, "माझी गोफण फेकून देऊ नका, मावशी. तिच्यासाठी मी फार खपलोय. पण एक करू. लांब फेक राहू दे, दोन चेंडूंची फेक बंद. आणि एकदा फेकलं की गोफणकऱ्यानं आपल्या टोपलीपाशी परत जाऊन, वाकून दुसरा चेंडू उचलायचा. तेवढ्यात भालकऱ्याला वाट मिळेल."

ज्याचा तोटा होणार होता, त्यानेच तो तोटा सुचवला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

पण या खेपेला त्यांनी घाई केली नाही. भाजीत मीठ घालावे तसे, थोडे घालून चाखायचे, मग पुन्हा थोडे, असे त्या करत गेल्या. टोपली फेकण्याच्या जागेपासून कधी दहा पावलांवर ठेवली, कधी पाचावर. भागीला बोलावून वैद्याचे मोजणे दहावरून सहावर आणले. सहाने वैद्यच भारी होऊ लागले, म्हणून आठ केले. प्रत्येक बदलानंतर त्या आधी हरलेल्यांशी बोलत, मग जिंकलेल्यांशी. असे सात बाजार गेले. आठव्या बाजारासाठी तिन्ही गावांना निरोप गेला.

त्या दिवशी मैदानात पुन्हा चारही सोंगे उतरली. वेताच्या ढालींवरची कोळिष्टके झटकली गेली. एका बाजूला हैबती, दुसऱ्या बाजूला लिंबाजी आणि भागी. खेळ रंगत गेला, एकेक जण बाद होत गेला, आणि शेवटी हे तिघेच उरले.

हैबतीने लांबून फेकलेला चेंडू लिंबाजीच्या खांद्यावर बसला. आधीचा एक डाग होताच, हा दुसरा. लिंबाजी मैदानातल्या एका मोठ्या दगडाआड झाला. भागीने गुडघा टेकला आणि मोजायला लागली. सगळे मैदान तिच्याबरोबर मोजू लागले. हैबती टोपलीकडे धावला, चेंडू घेऊन वळला, आणि "आठ!" म्हणताच लिंबाजी दगडाआडून उसळून बाहेर आला. हैबतीचा चेंडू त्याच्या पोटावर बसला. पण एक डाग पुसला गेला होता, म्हणून हा पुन्हा दुसराच! लिंबाजी धावतच राहिला. हैबती पुन्हा टोपलीशी वाकला तोच भाल्याचा बोळा त्याच्या पाठीवर टेकला. उठला तेव्हा छातीवर. वळला तेव्हा दंडावर.

हातात गोफण असताना हैबती तीन वर्षांत पहिल्यांदाच बाद झाला होता.

वरच्या गावचे लोक उठून उभे राहिले. आता हा चिडणार, गोफण आपटणार, असे सगळ्यांना वाटले. लिंबाजीने तर घाबरून भाला मागे घेतला.

हैबती पुढे आला आणि त्याने लिंबाजीचे दोन्ही हात धरले.

"लिंबाजीकाका, तुमचे उपकार झाले. तुम्ही दगडाआड गेलात ना, तेव्हा माझी छाती अशी धडधडली! असं धडधडायचं असतं हे मी विसरूनच गेलो होतो."

लिंबाजी ओशाळून म्हणाला, "अरे, उपकार कसले? तू एवढं लांबून नेम धरलास म्हणून तर मी या वयात असा धावलो. माझी बायको म्हणते, मला ऊठ म्हटलं तरी उठवत नाही!"

सगळे मैदान हसले. भागी पुढे आली आणि तिने आपल्या ओल्या फडक्याने हैबतीच्या छातीवरचा डाग पुसला. "आमच्या बाजूचा नसलास तरी पुसते," ती म्हणाली. मग तिने मावशींकडे पाहून हात जोडले. "आणि मावशी, दारात येऊन विचारलंत, ते बरं केलंत. आम्ही आपणहून आलो नसतो."

"तुम्ही दार उघडलंत, ते काय कमी आहे?" मावशी म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

त्या दिवशी झाडाखाली गूळ पुरला नाही. कपाळ फुटलेल्या म्हाताऱ्यालाही लोकांनी उचलून आणले होते. वरच्या गावचा एक गुराखी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, तो दगड माझा होता." म्हाताऱ्याने त्याला नाव विचारले, बापाचे नाव विचारले, आणि शेजारी बसवून घेतले. कुरणाच्या पाळ्या अंधार पडायच्या आत ठरल्या.

तेव्हापासून त्या खोऱ्यात एक रीत पडली. खेळ संपला की प्रत्येकाने, ज्याने आपल्याला बाद केले त्याला शोधायचे आणि त्याचे आभार मानायचे. मावशींच्या मागून जे जे पंच झाले, ते वर्षातून एकदा न येणाऱ्यांच्या घरी जाऊन का येत नाही ते विचारत राहिले. आणि ते मैदान पुन्हा कधी ओस पडले नाही.

बोध: समोरच्यालाही जिंकण्याची संधी असते तेव्हाच खेळ गोड लागतो; म्हणून आपल्याला हरवू शकणारा भेटला, की त्याचे आभार मानावेत.